जपून ठेवलेली बॅटरी

गवंड्याशी माझं भांडण झालं ते बोटाएवढ्या सळईवरून. त्याच्या ओसरीच्या खांबातून ती बाहेर आली होती आणि येता-जाता त्याच्या सदऱ्याला धरायची. एक दिवस सकाळी तो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, मिस्त्री, तुमच्या त्या बिनवायरीच्या मशीननं एवढं टोक उडवून द्या, शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागायचा नाही. मी म्हटलं, वेळेचं काही नाही, प्रश्न चार्जिंगचा आहे. तो म्हणाला, मग परत चार्ज करा की. तिथंच माझं डोकं फिरलं.

परत चार्ज करा म्हणायला काय जातं? शहरातल्या दुकानदारानं मशीन देताना सांगितलं होतं की ही बॅटरी हजारभर वेळा चार्ज होते, मग हळूहळू तिची ताकद जाते. तो बिचारा कौतुकानं सांगत होता. मी मात्र ते एखाद्या डॉक्टरनं तोंड पाडून सांगावं तसं ऐकलं. म्हणजे हिला श्वास मोजून दिलेत, आणि त्यातला एक हा गवंडी आपल्या सदऱ्यासाठी मागतोय. मी त्याला म्हटलं, सदरा जपून घाल. तो म्हणाला, मशीन उशाला घेऊन झोपा. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो.

गावात लोखंडाचं काम करणारा मी एकटाच. त्यामुळे चांगला मिस्त्री कोण, हा प्रश्नच कधी आला नाही. फाटकं, शेडचे सांगाडे, खिडक्यांचे गज, सगळं माझ्याच हातचं. आधी माझ्याकडे लोखंड कापायचा वायरचा ग्राइंडर होता. त्याच्या आतले घासणारे कार्बन झिजायचे, मग जळका वास सुटायचा, आणि शेतात न्यायचा म्हटलं तर तिथं वीज कुठली? म्हणून हे नवं मशीन आणलं. याला वायर नाही आणि आत कार्बनही नाहीत. ब्रशलेस म्हणतात याला. चहाच्या टपरीवर मी मशीन मांडीवर घेऊन सगळ्यांना समजावून सांगायचो, की आत घासायलाच काही नाही तर झिजणार काय. लोक म्हणायचे, चालवून तर दाखवा. मी म्हणायचो, ते खेळणं नाही.

माझ्याकडे बॅटऱ्या दोन होत्या. एक मशीनला लावलेली, ती हातची. दुसरी राखीव. ही राखीव मी एकदाच वापरली, मशीन आणलं त्या दिवशी. त्या दिवशी उत्साहाच्या भरात परसातलं जुनं पत्र्याचं पिंप कापून कापून तिला पार रिकामी केली. मग दुकानदाराचं हजार वेळाचं गणित आठवलं. तशीच रिकामी तिला मऊ कापडात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवून दिली. म्हटलं, मोठ्या कामाचा दिवस येईल तेव्हाच हिला चार्ज करायची. तोवर एकही चार्जिंग खर्च नको.

हातची बॅटरीही मी सहसा वापरत नसे. बारीकसारीक कामं करवतीनं उरकायचो. करवतीनं एक अँगल कापताना दंडात गोळे यायचे, घाम डोळ्यांत जायचा, आणि समोर मशीन डबीत आरामात पडलेलं असायचं. बायको एकदा म्हणाली, हे मशीन तुमच्यासाठी आणलंय की तुम्ही मशीनसाठी? मी तिला बॅटरीचं आयुष्य म्हणजे काय ते सांगायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, हूं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बायको वाद न घालता हूं म्हणते तेव्हा नवऱ्यानं सावध व्हावं, एवढी अक्कल मला तेव्हाही नव्हती.

नाही म्हणायला दोन-तीन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या होत्या. मशीनच्या डबीवर कधी धूळ बसत नसे. मी टपरीवर सांगितलं, माल बघा, धूळसुद्धा धरत नाही. मशीनला लावायच्या कापायच्या चकत्या मात्र न वापरता लहान व्हायच्या. त्यावर मी बराच विचार केला आणि दमट हवेनं चकती आकसते असा शोध लावला. हाही शोध मी टपरीवर सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांना ठसका लागला, पण चहा गरम होता म्हणून लागला असेल असं मी समजलो.

अशात आक्काचा निरोप आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावाच्या खालच्या अंगाला तिचं शेत. दाजी पाय मोडून खाटेवर पडले होते. यंदा रान पडीक राहू दे असं त्यांचं म्हणणं होतं, पण आक्कानं कुणाचं न ऐकता एकटीच्या हिमतीवर मिरची लावली होती. आता मिरची फुलावर आली होती. वारा असा कोरडा सुटला होता की ओठ फुटत होते आणि रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यात कालव्याला पाणी सुटलं. दिवस मावळेपर्यंत पाणी आक्काच्या चारीचं, तिच्या रानात जाणाऱ्या पाटाचं, मग ते खालच्या शेतांना जाणार, आणि पुढची पाळी येईपर्यंत फूल झाडावर राहणार नाही, झाडही राहील की नाही कोण जाणे. पाणी दाराशी आलं होतं, पण चारीचं लोखंडी दार उघडत नव्हतं.

ते दार मीच केलं होतं. वरचं चाक फिरवलं की लोखंडी पत्रा दोन्ही बाजूंच्या खाचांत वरखाली सरकतो, साधं काम. पण कुणी पत्रा उपसून नेऊ नये म्हणून मी शहाणपणानं खाचांवर दोन जाड पट्ट्या मारल्या होत्या आणि आक्काला म्हणालो होतो, सात पिढ्या हे दार जागचं हलायचं नाही. माझ्या आयुष्यात माझा एवढा खरा ठरलेला शब्द दुसरा नाही. गंजानं पत्रा खाचेत असा धरला होता की चाक फिरवणाऱ्यांचे हात सोलून निघाले, दार केसभरही उचललं नाही. आता त्या पट्ट्या कापल्या तरच पत्रा सुटणार होता.

निरोप घेऊन आलेला माणूस अजून दम खात होता, तोवर मी म्हटलं, आक्काला सांग, पाच मिनिटांचं काम आहे. ट्रंक उघडली, राखीव बॅटरी बाहेर काढली, चार्जरला लावली. चार्जरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. मी बायकोला म्हटलं, बघ, विश्रांती मिळाली की कशी जोरात भरते. बायकोनं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, हातचीही बरोबर घ्या. मी म्हटलं, लागणार नाही, पण तुझ्या समाधानासाठी घेतो. बॅटरी भरली असं समजून मी निघालो, तेव्हा तीही माझ्याबरोबर निघाली. वन्संना जरा धीर येईल म्हणाली.

कालव्यावर पोचलो तर जत्रा भरल्यासारखी माणसं. चार घरच्या बाया होत्या, पाणी सोडणारा पाटकरी होता, आणि चारीची भिंत बांधणारा तोच आमचा अबोला धरलेला गवंडी होता. पट्टी भिंतीला इतकी चिकटून होती की करवत आत शिरत नव्हती. घणानं तोडावं तर गवंडी म्हणत होता की भिंत पट्टीसकट येईल आणि बांधही फुटेल. बांध खणायला पाटकरी तयार नव्हता. समोरून पाणी तुडुंब वाहत चाललं होतं आणि हातभर पलीकडे आक्काची चारी कोरडी ठणठणीत. आक्का काठावर उभी होती. ती एरवी मला बघितलं की काहीतरी टाकून बोलल्याशिवाय राहत नाही. आज फक्त म्हणाली, "आलास? बरं झालं."

तिचा तो सरळ शब्द मला जरा जड गेला. तिला खरोखरच माझा भरवसा वाटत होता.

मी चारीत उतरलो. चष्मा चढवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं की ही बॅटरी मी याच दिवसासाठी राखली होती. राखीव बॅटरी खटकन लावली, बटण सरकवलं. मशीन गप्प. बॅटरी काढली, फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, परत लावली. गप्प. उन्हात धरली, मग सावलीत धरली. पाटकरी म्हणाला, दोन थोबाडीत मारून बघा. मी तेही केलं. एवढी वर्षं लोखंड कापणारा माणूस सगळ्या गावासमोर एका डबीला चापट्या मारत होता आणि ती डबी मेलेल्याच्या शांतपणानं पडून होती.

गवंडी कुणाकडे तरी बघत म्हणाला, उपाशी ठेवलं तर बैलसुद्धा उठत नाही. तो माझ्याशी बोलत नसल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

मग हातची लावली. ती लगेच घोंघावली आणि माझ्या जिवात जीव आला. आता हयगय नको म्हणून मी सगळं अंग टाकून मशीन पट्टीवर दाबलं. ठिणग्यांचा लोट उठला, मशीन किंचाळलं, आणि बंद पडलं. परत चालू केलं, परत दाबलं, परत बंद. जुन्या वायरच्या मशीनवर मी असंच रेटून काम केलेलं. जोर केल्याशिवाय लोखंड कापत नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मशीन इतकं तापलं होतं की हात लावता येईना, आणि पट्टी जेमतेम नखभर कापली होती.

मी वर बघून सांगितलं, हीही संपली.

सूर्य पलीकडच्या झाडांच्या डोक्यावर आला होता. आक्कानं मिरचीच्या रानाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुझे दाजी म्हणत होते तेच खरं. पडीकच ठेवायला हवं होतं." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हिशेब मिटल्यासारखं बोलली, आणि मला लाजेनं त्या कोरड्या चारीत गाडून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात बायको खाली उतरली. माझ्या हातातून मशीन घेतलं आणि बॅटरीवरचं बारीक बटण दाबलं. तिथं हिरवे ठिपके उमटले, आणि निम्म्याहून जास्त ठिपके जिवंत होते. हे बटण मी कधीच दाबलं नव्हतं. दिवा लागायलाही चार्ज खर्च होतो, असं माझं गणित होतं.

"संपली नाही," ती म्हणाली. "तुम्ही दाबलंत म्हणून रुसलीय. गार होऊ द्या."

मी म्हटलं, "तुला काय कळतं यातलं?"

काठावरून गवंडी बोलून गेला, "वहिनी, त्या दिवशी ओलं फडकं धरलं होतं तसं धरा, लवकर गार होईल."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. बाया खाली बघायला लागल्या. पाटकऱ्याला एकदम कालव्यात काहीतरी दिसलं.

मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

बायकोच शांतपणे म्हणाली, "त्यांच्या खांबाची सळई कापली त्या दिवशी. तुमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी."

"म्हणजे माझं मशीन…"

"तुम्ही कामाला बाहेर पडलात की मशीन मी काढते. कुणाचा विळा, कुणाची कुदळ, कुणाच्या कुलपाची कडी. परत चार्ज करून जागेवर ठेवते. वर्ष होत आलं." ती चकतीचा नट किल्लीनं सैल करत बोलत होती, आणि तिचे हात असे चालत होते की बघणाऱ्याला शंका राहू नये. "तुम्ही दारात आलेल्या माणसाला नाही म्हणता आणि कामाला निघून जाता. मग मला त्याच माणसांच्या घरी चाळणी मागायला जावं लागतं. पोराला ताप आला तेव्हा त्याला दवाखान्यात कुणी नेलं? गवंड्यानं. त्याच्या बायकोचा बोथट विळा बघून मी काय म्हणू, की आमच्या बॅटरीला दगदग होते?"

मला खूप राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त एवढंच आठवत राहिलो की धूळ न धरणारा माल आणि दमट हवेनं आकसणारी चकती मी ज्यांना ऐकवली होती, ते सगळे आत्ता इथंच उभे होते. त्या दिवशीचा ठसका चहाचा नव्हता.

"आता चिडायचं असेल तर घरी जाऊन चिडा," आक्का म्हणाली. "पोरी, तू काप."

बायकोनं नवी चकती चढवली, माझा चष्मा माझ्याच नाकावरून काढून घेतला आणि पट्टीला मशीन नुसतं टेकवलं. टेकवलं म्हणजे खरंच टेकवलं, निजलेल्या पोराला हात लावावा तसं. मशीनचा आवाज बदलला नाही. ठिणग्या एका बारीक सरळ धारेत निघाल्या. मी न राहवून म्हटलं, अगं जोर लाव. ती न बघता म्हणाली, त्याला स्वतःचं वजन आहे. मधूनमधून ती थांबायची, मशीन मोकळंच फिरू द्यायची, मग परत टेकवायची. डावी पट्टी तुटून चारीत पडली तेव्हा काठावरच्या बायांनी असा आवाज काढला की मशीनची मला जरा असूयाच वाटली.

उजवी पट्टी अर्धी झाली आणि ठिपका एकच उरला. मग तोही लुकलुकायला लागला. सूर्य झाडांत शिरला होता. पाटकरी खालच्या रानांकडे बघत होता, तिकडून माणसं आपल्या पाण्याची वाट बघत बांधावर येऊन उभी राहिली होती. आक्काचे ओठ हलत होते. ठिणग्यांची धार बारीक झाली, तुटक झाली, आणि मशीन थांबलं. या वेळी खरंच संपलं होतं. पट्टी तुटायला बोटाच्या पेराएवढी बाकी होती.

बायको मागे सरली. चष्मा काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता लावा जोर."

गवंड्यानं न बोलता पहार पुढे केली. मी ती कापलेल्या फटीत घातली आणि टोकाला लटकलो. जन्मभर ज्या जोरानं मी चांगली यंत्रं मोडीत काढली, तो सगळा जोर त्या पेरभर लोखंडावर टाकला. गवंडीही माझ्या शेजारी लटकला. कडकन आवाज झाला, पट्टी गेली, पहार गेली, आणि आम्ही दोघं एकमेकांवर चारीत आडवे झालो. वरून चार जणांनी चाक फिरवलं. पत्रा कुरकुरत उचलला आणि आम्ही उठायच्या आत पाणी आमच्या अंगावरून आक्काच्या रानाकडे निघालं. गवंडी तोंडातला गाळ थुंकत मला म्हणाला, मिस्त्री, सदरा परत फाटला. त्या सळईनंतर आम्ही पहिल्यांदा बोललो ते असं.

आक्का पाण्याच्या पुढे पुढे धावत होती, फावड्यानं सरी फोडत होती, वाट करून देत होती. दिवस मावळेपर्यंत अर्धं रान भिजलं. पाटकरी दार खाली टाकायला आला, पण पट्ट्याच नसल्यामुळे पत्रा बसायला उशीर होतोय असं म्हणत बराच वेळ चाकाशी खुडबुड करत राहिला. तोवर उरलेल्या सऱ्याही ओल्या झाल्या. खालची माणसं काही बोलली नाहीत. त्यांतल्या निम्म्यांच्या कुदळींना माझ्या बायकोनं धार लावली होती, हे मला घरी येताना कळलं.

निघताना आक्कानं माझ्या बायकोला जवळ घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोला जवळ घेतलं त्यात माया होती. माझी थाप बहुधा चिखल झटकायला होती.

घरी गेल्यावर मी चिडलो नाही. राखीव बॅटरी परत एकदा चार्जरला लावून पाहिली. दिवा लाल लुकलुकत राहिला. बायकोनं सांगितलं की त्याचा अर्थ भरतेय असा नाही, ही आता चार्ज घेत नाही असा आहे, रिकामी टाकून ठेवली की असं होतं. मी विचारलं, मग निघताना बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही इतके खुशीत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा मशीन डबीतून काढून सरळ ओसरीवर ठेवलं. आता लपवाछपवी नको. हातची बॅटरी पूर्ण भरली होती. कडेच्या वस्तीवरची एक म्हातारी विळा घेऊन आली, तिच्या मागे दोघं जण कुदळी घेऊन. मी उठून हात पुढे केला आणि म्हटलं, "आणा आजी, लगेच देतो लावून."

म्हातारीनं विळा पाठीमागे नेला. "सूनबाई घरात नाही का?"

"विहिरीवर गेलीय. पण मी आहे ना."

"असू दे मिस्त्री," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखर काळजी होती. "तुम्ही दाबता."

मागचे दोघंही कुदळी घट्ट धरून उभे राहिले. मी आत गेलो आणि बायको येईपर्यंत तिघांना बसायला खाट आणून टाकली.